क्रीडांगणावरील आपली मुले : विश्वासाला जागरूकतेची जोड

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या धर्मग्रामांतील मैदाने भल्या पहाटेपासून गजबजू लागतात. कुठे फुटबॉलचे शिबिर असते, कुठे व्हॉलीबॉलचा सराव, तर कुठे युवक मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेची लगबग. एरवी मोबाइलला चिकटलेले मूल घामाघूम होऊन, गुडघे खरचटून घरी परतते तेव्हा आईवडिलांना समाधान वाटते. हे समाधान रास्तच आहे. खेळ शरीराला काटक बनवतो, पराभव पचवायला शिकवतो आणि सोबत खेळणाऱ्याची जात, धर्म, भाषा विसरायला लावतो. संत पौलानेही विश्वासाच्या जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे.

या आनंदाच्या ठिकाणाविषयी एक अप्रिय विषय आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. मैदानावर, सराव शिबिरात, स्पर्धेच्या प्रवासात मुलांचे शोषण होऊ शकते आणि जगभर ते झालेले आहे. हा विषय वाचताना मन अवघडून जाते. परंतु समाजाच्या याच अवघडलेपणाच्या आडोशाने अत्याचार करणारे वर्षानुवर्षे निर्धास्त राहिले. म्हणूनच तो मोकळेपणाने मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

सर्वांचा विश्वासू डॉक्टर

लॅरी नासर हा अमेरिकेतील डॉक्टर. मिशिगन राज्य विद्यापीठात तो नोकरीस होता आणि सुमारे दोन दशके त्याने अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघासाठी काम केले. ऑलिम्पिकला जाणाऱ्या मुलींच्या दुखापतींवर तो उपचार करीत असे. या उपचारांच्या नावाखाली त्याने शेकडो मुलींवर लैंगिक अत्याचार केले. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनमधील न्यायालयात दीडशेहून अधिक पीडितांची निवेदने एकामागून एक ऐकण्यात आली आणि न्यायाधीश रोझमेरी अक्विलिना यांनी त्याला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली.

इतकी वर्षे हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याची उत्तरे प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखी आहेत.

या प्रकरणाला जाहीरपणे वाचा फोडणाऱ्या रेचल डेनहोलँडर २००० साली १५ वर्षांच्या होत्या. पाठदुखीसाठी त्या या डॉक्टरकडे गेल्या तेव्हा त्यांची आई त्याच खोलीत बसलेली होती. आईला काही दिसणार नाही अशा बेताने डॉक्टर मध्ये उभा राहत असे. एवढा नामवंत डॉक्टर, शिवाय आई समोरच आहे, तेव्हा जे चालले आहे तो उपचारच असला पाहिजे, अशी त्या मुलीने आपल्या मनाची समजूत घातली.

दुसरे कारण प्रशिक्षणाच्या वातावरणात होते. राष्ट्रीय संघाचे सराव शिबिर टेक्सास राज्यातील एका आडबाजूच्या कुरणावर भरत असे आणि पालकांना तेथे प्रवेश नसे. शिस्त अत्यंत कडक असे, खाण्यापिण्यावर बंधने असत. अशा ठिकाणी हा डॉक्टर मुलींना गुपचूप खाऊ देई, त्यांची आपुलकीने विचारपूस करी. दरडावणाऱ्या माणसांच्या गराड्यात तोच एक मायाळू वाटे.

तिसरे कारण सर्वांत वेदनादायक आहे. मुली बोलल्या होत्या. १९९७ सालीच एका किशोरवयीन मुलीने विद्यापीठातील प्रशिक्षिकेच्या कानांवर ही गोष्ट घातली होती. २०१४ साली विद्यापीठाने एका तक्रारीची चौकशी केली व डॉक्टरला निर्दोष ठरवले. जुलै २०१५ मध्ये महासंघाने केंद्रीय तपास यंत्रणेला कळवले, तरीही तेथे वेळीच पावले उचलली गेली नाहीत. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२१ साली आपल्या अहवालात या दिरंगाईवर कठोर ताशेरे ओढले. कळवल्यानंतर वर्षभराहून अधिक काळ हा डॉक्टर मोकळाच होता आणि तेवढ्या काळात आणखी सुमारे ७० जणींना अत्याचार सोसावा लागला. अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये इंडियानापोलिस येथील एका वृत्तपत्राने डेनहोलँडर यांची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा भिंत कोसळली. पुढे २०१८ साली विद्यापीठाने पीडितांना ५० कोटी डॉलर भरपाई देण्याचे मान्य केले. या पैशाने कोणाचेही बालपण परत आलेले नाही.

मुलगेही सुरक्षित नसतात

मुलीची काळजी घ्यावी लागते, मुलग्याला काय होणार आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. इंग्लंडमधील फुटबॉलचा अनुभव हा समज खोटा ठरवतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी व्यावसायिक खेळाडूने, लहानपणी आपला प्रशिक्षक बॅरी बेनेल याने आपले लैंगिक शोषण केल्याचे स्वतःच्या नावानिशी जाहीर केले. त्यांच्या धैर्याने इतरांना कंठ फुटला आणि पाहता पाहता शेकडो प्रौढ पुरुष पुढे आले. त्यांतील अनेकांनी पत्नीलाही ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.

बेनेल हा होतकरू खेळाडू हेरण्यात वाकबगार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या घरी खेळण्याची यंत्रे होती, निरनिराळे प्राणी पाळलेले होते. मुले तेथे हौसेने मुक्कामाला जात आणि आपल्या मुलाचे नशीब उघडले असे आईवडिलांना वाटे. २०१८ साली त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२३ साली तुरुंगवासातच त्याचा मृत्यू झाला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या क्लाइव्ह शेल्डन यांचा चौकशी अहवाल मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० ते २००५ या काळातील किमान ६९२ पीडित व २४० संशयित त्यात नोंदले आहेत. १९९५ नंतर धोका स्पष्ट दिसत असतानाही संघटनेने संरक्षणाची व्यवस्था उभारण्यास फार विलंब लावला, असा ठपका अहवालात ठेवण्यात आला.

आपल्या देशातील एक प्रकरण

हे पाश्चात्त्यांचे प्रश्न आहेत, आपल्याकडे असे नसते, अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर व्हावी. ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे टेनिस खेळणाऱ्या १४ वर्षांच्या मुलीचा विनयभंग झाला. आरोपी हा राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही होता. मुलीचे नाव पुढे सर्वत्र गाजले, परंतु पीडित बालकाचे नाव छापू नये या तत्त्वाला अनुसरून आम्ही ते येथे देत नाही.

पोलीस महासंचालकांच्या चौकशी अहवालाने पुढच्याच महिन्यात गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली होती. तरीही वर्षानुवर्षे गुन्हा नोंदवला गेला नाही. ती शिकत होती त्या शाळेने तिचे नाव पटावरून कमी केले. तिच्या भावावर चोरीचे एकामागून एक गुन्हे दाखल झाले. १९९३ च्या डिसेंबरात या मुलीने आपले जीवन संपवले. घटनेची साक्षीदार असलेली तिची मैत्रीण व त्या मैत्रिणीचे आईवडील मात्र चिकाटीने लढत राहिले. डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर १९ वर्षांनी, आरोपी दोषी ठरला. शिक्षा होती सहा महिने कारावास आणि एक हजार रुपये दंड. अपिलात ती दीड वर्षाची झाली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, परंतु शिक्षा आधी भोगलेल्या कालावधीइतकी कमी केली.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. सुमारे निम्म्या प्रकरणांत अत्याचारी व्यक्ती मुलाच्या ओळखीची किंवा विश्वासाच्या स्थानावरील होती. बहुसंख्य मुलांनी झालेला प्रकार कोणालाही सांगितलेला नव्हता.

जाळे कसे विणले जाते

वरील हकिकती एकत्र ठेवून पाहिल्या तर एक ठरावीक पद्धत दिसून येते. असा माणूस प्रथम मोठ्यांचा विश्वास संपादन करतो. तो कष्टाळू असतो, वेळेला हजर असतो, मुलांना मोफत शिकवतो. मग एखादे मूल तो निवडतो. बहुधा ते एकाकी असते, घरात ताणतणाव असलेले असते, किंवा संघात निवड होण्यासाठी आसुसलेले असते. त्याला बुटांचा जोड मिळतो, मोबाइल मिळतो, दुचाकीवरून घरी सोडले जाते, 'तुझ्यात काही वेगळे आहे' असे सांगितले जाते. हळूहळू त्याला इतर मुलांपासून व घरच्यांपासून दूर केले जाते. नंतर लहानसहान गुपिते सुरू होतात. स्पर्शाची मर्यादा थोडी थोडी ओलांडली जाते, आणि शेवटी मुलाच्याच मनात अपराधी भाव निर्माण करून त्याचे तोंड बंद केले जाते.

खेळात हे अधिक सोपे जाते. शरीराला स्पर्श करून चूक सुधारणे येथे नित्याचे असते. कपडे बदलणे, मालिश, परगावी मुक्काम हेही नित्याचेच. संघात कोणाला घ्यावे हे एकाच माणसाच्या हाती असते आणि वेदना सोसावी, उलट बोलू नये, ही शिकवण तर पहिल्या दिवसापासून दिली जाते. ज्या आज्ञाधारकपणाचे आपण कौतुक करतो, त्याचाच गैरफायदा घेतला जातो.

शोषण केवळ लैंगिकच असते असे नाही. पराभवानंतर मुस्काटात मारणे, वजनावरून सर्वांसमोर हिणवणे, दुखापत असताना खेळायला लावणे, शिक्षा म्हणून पाणी न देणे, हेही अत्याचारच होत. जपानमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये ओसाका शहरातील एका शाळेच्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या वारंवारच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, तेव्हा अवघा देश हादरला. मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असे म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. शाळेच्या मैदानावर ही मनाई संपत नाही.

ख्रिस्तसभेची कबुली

या विषयावर बोलताना आपण ख्रिस्ती लोकांनी स्वतःला वगळू नये. धर्मगुरूंकडून व संस्थांच्या चालकांकडून बालकांवर झालेले अत्याचार आणि संस्थेच्या अब्रूखातर ते झाकण्याचे झालेले प्रयत्न जगासमोर आले आहेत. जिम्नॅस्टिक्स महासंघाने जी चूक केली तीच चूक ख्रिस्तसभेतील अनेक अधिकाऱ्यांनी केली होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग स्थापन केला, फेब्रुवारी २०१९ मध्ये जगभरातील बिशप परिषदांच्या अध्यक्षांना रोममध्ये पाचारण केले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात नवा नियम जारी केला. त्यानुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येक धर्मगुरूने व व्रतस्थाने ती वरिष्ठांना कळवणे बंधनकारक झाले. देशाच्या कायद्यानुसार असलेली जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, हेही तेथे स्पष्ट केले आहे. जून २०१८ मध्ये व्हॅटिकनने क्रीडाविषयक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. प्रशिक्षकांकडून होणाऱ्या बालकांच्या शोषणाचा त्यातही निषेध केलेला आहे.

लहानग्यांना अडखळण ठरणाऱ्याविषयी प्रभू येशूने काढलेले उद्गार संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहेत. त्याच्या शिकवणीतील अत्यंत कठोर शब्दांत त्यांची गणना होते. संस्थेच्या अब्रूसाठी तेथे कोणतीही सवलत ठेवलेली नाही.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजेच 'पोक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशात लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक मानली जाते. असा गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला आहे, त्याने ती पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळवल्यास ही शिक्षा एक वर्षापर्यंत वाढते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा, पोलीस गणवेशात नसावेत आणि मुलाची ओळख प्रसिद्ध होऊ नये, अशी तरतूद आहे. आपसांत मिटवून टाकू, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, असे म्हणणारे वडीलधारे हितचिंतक असतीलही, पण त्यांचा सल्ला कायद्याच्या विरुद्ध आहे.

निरपराध प्रशिक्षकावर खोटा आळ आला तर काय, अशी शंका काहीजण घेतात. ही शंका अगदीच अनाठायी नाही. द्वेषापोटी खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढास याच कायद्यात शिक्षा सांगितली आहे. आणि पुढे दिलेले नियम प्रामाणिक प्रशिक्षकाचेही रक्षण करतात. जो कधीच मुलाबरोबर बंद दाराआड एकटा नसतो, त्याच्याविषयी संशयाला जागाच राहत नाही.

धर्मग्रामात काय करता येईल

विश्वास ठेवणे चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. आपली बहुसंख्य प्रशिक्षक मंडळी पदरमोड करून, नोकरी सांभाळून मुलांसाठी राबतात. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु विश्वास हा नियमाला पर्याय होऊ शकत नाही आणि नियम सर्वांना सारखा असला की कोणाचा अपमानही होत नाही. युवक मंडळे, शाळा व क्रीडा संघ यांना पुढील गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील.

१. प्रशिक्षक नेमताना त्याच्या पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करावी आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा. ओळखीच्या माणसालाही यातून वगळू नये.

२. सरावाच्या वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती हजर असाव्यात. मुलींच्या संघाबरोबर एक जबाबदार महिला असावी.

३. पालकांना कोणत्याही क्षणी सराव पाहण्याची मुभा असावी. जेथे पालकांना मज्जाव आहे, तेथे मुलाला पाठवू नये.

४. कपडे बदलण्याच्या खोलीत मुलांबरोबर प्रौढांनी थांबू नये व तेथे मोबाइल नेऊ नये.

५. परगावच्या स्पर्धेत प्रौढांनी मुलांच्या खोलीत झोपू नये. एकट्या मुलाला प्रशिक्षकाने वाहनातून नेऊ नये किंवा घरी मुक्कामाला बोलावू नये.

६. मालिश व उपचार दुसऱ्या प्रौढाच्या समक्ष व्हावेत. काय करणार आहोत हे मुलाला आधी सांगावे आणि त्याने नको म्हटले तर थांबावे.

७. प्रशिक्षकाचे निरोप पालक असलेल्या गटावरच यावेत. एखाद्या मुलाशी खासगी संदेशांची देवाणघेवाण नसावी.

८. तक्रार कोणाकडे करावी हे मैदानावर फलक लावून कळवावे. अशा दोन व्यक्ती असाव्यात, त्यांतील एक महिला असावी आणि दोघांपैकी कोणीही संघनिवडीत नसावे.

मूल बोलू लागले तर

मूल सहसा सरळ सांगत नाही. 'मला आता खेळायचे नाही' एवढेच ते म्हणते. आपण लगेच त्याला आळशी ठरवतो, भरलेल्या फीची आठवण करून देतो. आवडता खेळ अचानक नकोसा होणे, एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प होणे, झोप उडणे, अभ्यासात मागे पडणे, अंगावर न सांगता येणाऱ्या जखमा असणे, या खुणांची दुसरीही कारणे असू शकतात. पण त्या दिसल्या तर रागावण्याआधी जवळ बसून विचारावे.

मूल बोलू लागले तर हातातले काम बाजूला ठेवावे. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नये. 'तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही' हे त्याला आवर्जून सांगावे. कोणालाही सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. उलटतपासणी घेऊ नये. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. संबंधित व्यक्तीला जाब विचारायला धावू नये, त्याने पुरावे नष्ट होतात. विनाविलंब पोलीस ठाणे गाठावे किंवा १०९८ या मोफत बाल साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि समुपदेशकाची मदत घ्यावी. चौकशी चालू असेपर्यंत संस्थेने संबंधित व्यक्तीला मुलांपासून दूर ठेवावे. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मुलाला सुरक्षित ठेवणे मात्र त्या दिवसापासून आपल्या हाती आहे.

पंचकुल्याच्या त्या मैत्रिणीचे आईवडील आठवा. आपल्या मुलीने जे पाहिले ते खरे आहे, एवढ्या एका विश्वासावर ते दोन दशके उभे राहिले. मुलांच्या बाबतीत असा विश्वास प्रथम आपण दाखवायला हवा. या सुट्टीत मुलाला मैदानावर सोडायला जाल तेव्हा दहा मिनिटे तेथे थांबा, प्रशिक्षकाशी बोला, त्यांचे आभार माना आणि संघाचे नियम कोणते आहेत ते विचारा. रात्री जेवताना किती धावा काढल्या, किती गोल केले हे विचाराल, तेव्हा आज मैदानावर काय आवडले नाही, हेही विचारा. बालकांना जवळ घेऊन आशीर्वाद देणारा प्रभू येशू आपल्या सर्व मुलांचे, त्यांच्या प्रशिक्षकांचे आणि त्यांच्यासाठी जागे राहणाऱ्या प्रत्येकाचे रक्षण करो, ही प्रार्थना.